टोपलीखालचं पीठ

माझी पांढरी चित्रं लोकांना फार आवडतात. का आवडतात ते त्यांनाच ठाऊक. मुंबईत प्रदर्शन लागलं की माणसं हात मागे बांधून त्यांच्यासमोर उभी राहतात, आवाज खाली आणतात, आणि त्यातला एक तरी हमखास विचारतो, यामागची प्रेरणा काय? गॅलरीवाल्या बाईंनी एका वर्षी पत्रकात छापलं की ही पोलादपूरच्या डोंगरातल्या धुक्याची चित्रं आहेत. पुढच्या वर्षी छापलं की ती मौनाची आहेत. मी दोन्ही वेळा मान डोलावली. धुकं तर धुकं, माझं काय जातंय?

ती पिठाची चित्रं आहेत. तांदळाच्या पिठाची. खाली काळपट हिरवा थर, शेणाने सारवलेल्या जमिनीचा असतो तसा, त्यावर चाळलेलं पीठ, आणि ते जागेवरून हलू नये म्हणून वरून पातळ डिंकाचा फवारा. बस्स. एवढंच आहे त्यात. ती मी का करते हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही. आता एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी प्रेरणा विचारली तर मला तोंड वाकडं करावं लागणार नाही.

मी महाडला शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे पोरांकडून कमळ आणि मोर काढून घेते. माझं गाव कापडे, पोलादपूरच्या पुढे, भाताचं गाव. माझ्या चित्रांतलं सगळं सामान तिथून येतं: तांबडी माती, भाताचं तूस, गोणपाट, जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या. लोकांना वाटतं की यात काही मोठा विचार असणार. विचार कसला! सुरुवातीला महाडात बरे रंग मिळत नव्हते आणि घरी माती फुकट होती. तत्त्वज्ञान नंतर चिकटलं. पहिलं धड चित्र झालं ते राबावरून. आमच्याकडे पावसाआधी रोपाच्या जागेवर पालापाचोळा, शेण, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्यांची कवळं पसरून ते भाजतात, त्याला राब म्हणतात. भाजून झालं की डोंगराच्या उतारावर काळे चौकोन दिसतात, कडा विस्कटलेल्या, एखादा अजून धुमसतोय. मी तीच राख नेली आणि तेच चौकोन कॅनव्हासवर बसवले. आईने ते पाहिलं आणि शेतात हाय तेच भिंतीवर कशाला टांगायचं, असं विचारलं. 

माझा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. मुंबईत टेम्पो चालवायचा. माझी चित्रं सुरुवातीपासून त्यानेच वाहिली. महाडहून चादरीत गुंडाळून न्यायची, गॅलरीत उतरवायची, भिंतीला लागेपर्यंत थांबायचं, आणि जाताना न चुकता विचारायचं की ताई, हे उलटं तर नाय ना लावलं? मी चिडायचे. तो चिडवायचाच त्यासाठी. एकदा खरंच एक चित्र उलटं लागलं होतं आणि ते त्याच्याच लक्षात आलं, माझ्या नाही. ती गोष्ट त्याने सगळ्या भावकीत सांगितली.

बाबांची एक काळी घोंगडी होती. पावसात नांगर धरताना तिची खोळ करून डोक्यावर घ्यायचे. एका कडेला ती फाटली होती, तिथे त्यांनी निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने जाड जाड टाके घातले होते. बाबा गेल्यावर ती पडवीतल्या खुंटीला तशीच लटकत राहिली. एका सुट्टीत मी ती काढली आणि आईला म्हटलं, जरा नेते. ने, म्हणाली. मी घोंगडी न्यायची म्हणजे पांघरायला न्यायची असंच तिला वाटणार, आणि मीही खुलासा केला नाही. महाडला येऊन मी कात्रीने तिचे चार तुकडे केले. पाच फुटी कॅनव्हासवर चिकटवले, मध्ये तांबडी माती, कडेला राबाची राख. निळे टाके बरोबर मध्यावर येतील असे ठेवले. आजपर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं चित्र ते. हे म्हणायला लाज वाटते, पण आहे.

भावाने ते गॅलरीत उतरवलं आणि चादर सोडली. टाके पाहून ओळखलं त्याने. ही बाबांची ना, म्हणून विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. मला वाटलं, त्याला बरं वाटेल. ते चित्र आधीच कुणीतरी फोटो पाहून घेतलं होतं, हे त्याला कळलं तेव्हा त्याने ते परत मागितलं. म्हणाला, आईला सांगून ठेवलं व्हतं मी, ती मला हवी म्हणून. गॅलरीवाल्या बाई बघत होत्या. आणखी दोघं-तिघं होते. मला भयंकर राग आला, त्याचा नाही, त्या सगळ्यांसमोर असं व्हावं याचा. मी म्हटलं, "घोंगडीच हवी ना? बाजारात मिळते."

त्याने राहिलेली चित्रं उतरवली, भिंतीला लावायला हात दिला, आणि तो गेला. उलटं लावलं का ते त्या दिवशी विचारलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. तो गणपतीला यायचा तेव्हा मी महाडला परीक्षेचे पेपर घेऊन बसायचे. मी गेले की तो निघालेला असायचा. आई मधल्यामध्ये निरोप पोचवून दमली. एकदा कंटाळून म्हणाली, माझ्या मढ्यावर तरी एक व्हा. मी ते चित्र घेणाऱ्याला कधी विचारलंही नाही की परत द्याल का. तेवढं केलं असतं तरी झालं असतं. उद्या बघू, उद्या बघू असं चाललं होतं आणि आपल्याकडे उद्या ढीगभर आहेत असं वाटत होतं.

चार वर्षांपूर्वी, शिमग्याच्या आधी, एका दुपारी मी शाळेत असताना चुलत्यांचा फोन आला. टेम्पोत माल भरताना भावाच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी हो, हो म्हटलं, फोन ठेवला आणि वर्गात जाऊन राहिलेला तास पुरा केला. कमळ चालू होतं. पाकळ्या कुठल्या क्रमाने काढायच्या ते मी फळ्यावर दाखवलं. नंतर हेडमास्तरांना सांगून एस.टी.ने गावी गेले. खिडकीबाहेर राब भाजायला ठेवलेल्या कवळांचे ढीग दिसत होते आणि मी ते मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मुंबईहून आणलं. तासभर पडवीत ठेवला. भावजय रडून रडून बसल्या जागी कलंडत होती. आई छाती पिटत होती. मी भिंतीला टेकून उभी होते. मला काहीच होत नव्हतं, अगदी काहीच. डोळ्यांत पाणी नाही. त्याच्या पायात मोजे तसेच होते, करड्या रंगाचे, आणि तो करडा कसा मिसळायचा हे माझ्या डोक्यात येऊन गेलं. भावकीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीने आईच्या कानात सांगितलं ते मला ऐकू आलं, की पोर रडत नाय, हिला मोकळी करा, नायतर हिचं काय खरं नाय. आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या गर्दीत, त्या अवस्थेत, तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

आमच्याकडे माणूस गेला की त्याला ठेवलेल्या जागी संध्याकाळी पीठ ठेवतात. जमीन सारवायची, त्यावर तांदळाचं पीठ चाळायचं, बाजूला दिवा, आणि पिठावर टोपली उपडी घालायची. सकाळी उचलून बघायचं. गेलेला येऊन गेला असेल तर पिठावर खूण उठते. पाखराची असेल, गुराची असेल, पोराच्या पावलाची असेल. पीठ कोरं राहिलं तर समजायचं की तो आला नाही, कुणावर तरी मन धरून, राग मनात ठेवून गेला. बाबांच्या वेळी पाखराची नखं उठली होती असं सगळ्यांचं एकमत झालं. पुढे वर्षभर आई पडवीत एका साळुंकीला भात घालत होती, आणि उशिरा आली म्हणून तिच्याशी भांडतही होती. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण आईसमोर तसं बोलायची माझी छाती नाही.

घरात आता सगळीकडे पांढरी लादी आहे, भावानेच बसवलेली. पीठ आत ठेवूया असं कुणीतरी म्हणालं तर चुलते म्हणाले, पांढऱ्यावर पांढरं दिसायचं नाय. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. पडवीचा एक कोपरा आईने मातीचा राखला होता, त्याला तिथेच ठेवला होता. बायकांनी तिथे सारवलं. पीठ मात्र आईने स्वतः चाळलं, कुणाला हात लावू दिला नाही. पीठ एकसारखं पडत होतं. मी बघत होते आणि मला वाटत होतं की डावीकडे जरा जाड झालं. शरम वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही.

टोपली घातल्यावर मी अंथरुणावर पडले आणि माझ्या डोक्यात एकच विषय. पीठ कोरंच राहणार. राहणारच, दुसरं काय होणार? मग आई काय समजेल? मुलगा मन धरून गेला. आणि कुणावर, ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या भावकीला माहीत होतं. तेव्हा मी ठरवलं की पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं आणि खूण करायची. आपोआप उठल्यासारख्या खुणा करणं हेच तर मी वीस वर्षं करत आले होते, त्यासाठीच तर लोक मला चित्रकार म्हणतात. पाखराची नखं करू म्हटलं. केरसुणीची एक काडी मी मोडून उशाखाली ठेवलीसुद्धा.

कोंबडा आरवायच्या आधी उठले. पडवीत दिवा विझला होता. मोबाइलची बत्ती लावली, खाली बसले, काडी दातांत धरली आणि टोपली उचलली.

पिठावर पाऊल होतं.

एकच, लहानसं, माझ्या मुठीएवढं. टाच, पंजा आणि पुढे पाच बोटांचे पाच ठिपके, नीट ओळीत. ते पाऊल मी स्वतः शंभर वेळा काढलेलं आहे. आमच्याकडची कुठलीही बाई डोळे मिटून काढेल. गौरी आणतो त्या दिवशी उंबऱ्यापासून आतपर्यंत तिची पावलं काढतात. मूठ वळायची, करंगळीकडची बाजू पिठात बुडवून जमिनीला टेकवायची, की पाऊल उठतं. मग बोटाच्या टोकाने बोटं. गौर घरात येते म्हणून पावलं नेहमी आत येणारी काढायची. हेही आत येणारं होतं. अंगठ्याचा ठिपका जरा दाबून केलेला, तिथे बोट घसरून पीठ ओढलं गेलं होतं.

माझ्या भावाला दहा नंबरचा बूट लागायचा. पण आईला पाऊल काढायचं तर दुसरं कुठलं येणार होतं? पाऊल म्हटलं की तिच्या हाताला ते एकच माहीत होतं.

ती मागे दारात उभी होती. कधीची होती कोण जाणे. हात पदरात गुंडाळलेले. हळूच म्हणाली, "आला व्हता बघ गो. तोंड आत हाय. तुझ्यावर राग नाय त्याचा."

तेव्हा मला रडू फुटलं. काडी तोंडातून पडली. मी तिथेच त्या सारवलेल्या जमिनीवर बसून गुरासारखी रडले, आणि आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, रड बाय, रड, म्हणत राहिली. घरातली सगळी उठून आली. तिला वाटलं, भाऊ आला म्हणून मी रडतेय. मी त्याच्यासाठी रडत नव्हते. मी त्या मुठीसाठी रडत होते. या पिठावर सबंध घरात जिचा खरा विश्वास होता ती एकटी आई, आणि तिनेच ते बिघडवलं होतं. माझ्यासाठी. त्याने जाताना आईला काय सांगितलं हे बघायची तिला एकच संधी होती, आणि तिने तिथे मूठ टेकवली.

उजाडल्यावर भावकी जमली. चुलते वाकले, चष्मा पुसला, लहान पोराचं पाऊल आहे म्हणाले, पुन्हा याच घरात येईल. पुरुषांनी माना हलवल्या. मग बायका आल्या, एकेक करून वाकल्या. त्यांच्यातली एकही अशी नव्हती की जिला गौरीचं पाऊल ओळखता येणार नाही. भावजयीने पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.  थोरली चुलती म्हणाली, होय, आला होता. बाकीच्या म्हणाल्या, होय, होय. गॅलरीत माझ्या चित्रांसमोर उभी राहणारी माणसं मला खोटी वाटतात, कारण खरी बघणारी माणसं मी त्या सकाळी पाहिली. मग ते पीठ गोळा करून चुलत्यांनी नदीत सोडलं.

माझी चित्रं पांढरी झाली ती त्यानंतर. मी खालचा थर देते, तो वाळला की पीठ चाळते. आणि मग हात लावत नाही. कितीतरी वेळ नुसती बघत बसते. कुणाला त्यात पक्षी दिसतो, कुणाला नकाशा. दिसो बापडा. मला काही दिसत नाही आणि खरं म्हणजे मी दिसण्यासाठी बघतही नाही. शाळेत जाते, कमळ शिकवते, येते, पीठ चाळते. डोळ्यांतलं पाणी त्या सकाळी एकदाच आलं, नंतर आलेलं नाही.

भावाचं तेरावं झालं त्या दुपारी भावजय मुंबईला गेली. मला संध्याकाळची एस.टी. होती. आई आणि मी पडवीत बसलो होतो, ती सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती.  मग मान वर न करता तिने विचारलं, "तुझ्या त्या चित्रांत, एकाच्या वर दुसरं काढलंस, तर खाली आधी काय व्हतं ते समजतं काय गो?"

मला वाटलं, सहज विचारतेय. मी म्हटलं, रंग वाळलेला असेल तर वरचा खरवडून बघता येतं. आणि मग माझ्या ध्यानात आलं की ती रंगाचं विचारत नाहीये, पिठाचं विचारतेय. 

"तू मूठ टेकवायच्या आधी बघितलं नव्हतंस?" मी विचारलं.

"दिवा विझलेला. मीही बत्ती नाय लावली." तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. "कोरं दिसलं असतं तर हात उठला नसता माझा. आणि काय उमटलेलं असतं तर पुसवलं नसतं."

मला खोटं बोलायचं होतं. मी चित्रकार आहे, मला ओळखता येतं, तुझ्या मुठीखाली आधीचं काहीतरी होतं, असं छातीठोक सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तिने मानलं असतं. पण ज्या बाईने त्या पिठाशी एवढा खेळ केला तिला मी आणखी एक खोटी खूण देऊ शकले नाही.

"पिठाचं नाय समजत, आये."

तिने मान हलवली. सूप एकदा पाखडलं. बोटं तांदळात तशीच राहिली, खडे वेचायची थांबली.

"तुला रडू आलं ना पण?"

"आलं."

"मग झालं," ती म्हणाली.